सकाळी सातची बस

नव्या शहरात घर शोधत फिरणारी शिक्षिका बसमध्ये बसली होती. पुढच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

"आई, शेवटच्या थांब्याजवळ घर घेतलं, तर यांना ऑफिस किती लांब पडेल!"

"पडू दे. त्याला दिवसभर खुर्ची आहे. तू वॉर्डात आठ तास उभी असतेस."

"म्हणून?"

"आपण घरं पाहिली त्या तिन्ही उपनगरांतून सकाळी सातची बस पकडून पाहिली मी. दोन ठिकाणी पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या थांब्यावरून बस रिकामी सुटते. तुला बसायला मिळेल."

"तीन दिवस? हे गुडघे घेऊन?"

"गुडघ्यांमुळेच तर कळलं, उभं राहणं काय असतं ते."

शिक्षिकेचा थांबा मागे पडला, पण ती उठली नाही.

"आणि हे काय म्हणाले?"

"त्याला विचारलंय कुणी?"