स्फटिक आले

पट्टी बदलण्यासाठी नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर बाप-लेक.

“बाबा, स्फटिक आले. त्या एन्झाइमचे. जंतू ज्यानं औषध कापून टाकतात ना, ते.”

“दोन वर्षं येत नव्हते ते?”

“तेच. आता स्फटिकांवर क्ष-किरण सोडले की त्याची रचना दिसेल. औषध कुठे अडकतं, कुठून कापलं जातं, सगळं.”

“माझ्या जखमेतला जंतूही हेच करतो?”

“हेच. म्हणून तर पळत आले सांगायला.”

“मग या वेळी वेगळं काय केलंस?”

“काहीच नाही हो. एरवी स्फटिक वाढायला ठेवलेला ट्रे रोज उघडून बघायचे. तुमच्या ऑपरेशनच्या धावपळीत तीन आठवडे हातच लावला नाही.”

“हं. मग आता माझी पट्टीही रोज उचकटून बघू नकोस.”