बोटात फिरणारं गवत

—तिकडे नको, तिकडे नको! खालच्या अंगाला चिखल आहे. आणि साप. हो गं, जुलै आहे, ऐन हिवाळा, साप झोपलेत, मला काय शिकवतेस—पण हा एक आहे ना, त्याला झोपच येत नाही, म्हातारा झालाय, माझ्यासारखा—बरं बाई, राहिलं, साप नाही. चिखल तर आहे? कॅनबेराहून इतके छान बूट घालून आलीस, कशाला घाण करतेस? बस इथे, माझ्या युटच्या, या मालगाडीवजा गाडीच्या मागच्या फळीवर. ती फावडी सरकव. चहा घे, थर्मासमधला आहे, पण गरम आहे. आणि हे भोपळ्याचे स्कोन—घे, घे, सरकारी माणसाला स्कोन देणं म्हणजे लाच नव्हे, चहाबरोबर कोरडं काहीतरी लागतंच. मी नोरीन. नोरीन टकवेल. फोनवर बोललीस ती मीच, या टोळीची सुपरवायझर. पोरं वरच्या कुंपणाशी आहेत, जेवतायत. नको, बोलवू नकोस त्यांना, जेवताना माणसाला उठवू नये. तपासणी काय, अर्ध्या तासानं केली म्हणून रोपं काही पळून जात नाहीत.

ती बघ, दिसतायत? आठ जण. तो लाल केसांचा आहे ना, तो निळ्या. खरं नाव मलाही हजेरीपटात बघावं लागतं. लाल केसांचा म्हणून निळ्या, इकडची थट्टाच तशी उलटी—आता यात विचारायचं काय? तुमच्या कॅनबेरात लाल केसवाल्याला काय लाल्या म्हणतात? गुणी पोरं आहेत गं. गावात एक कत्तलखाना होता, तो बंद झाला. एक बँक होती, तिचं आता केशकर्तनालय झालंय. मग पोरांनी करायचं काय? तर सरकारनं ही योजना काढली—सहा महिने ओढ्याकाठी गवत लावा, तण काढा, निसर्ग वाचवा. चांगलंच आहे. फक्त त्यांना कामगार म्हणायचं नाही हं! पहिल्याच दिवशी मला कागद वाचून दाखवला तुमच्या माणसानं—कामगार नाही, 'सहभागी' म्हणायचं. कामगार म्हटलं की पगार द्यावा लागतो, सहभागीला नुसता हातखर्च. हायवेवरच्या दुकानात बटाटे तळणाऱ्या पोराला यांच्यापेक्षा जास्त मिळतं, आणि तो उबेत उभा असतो. सकाळी सातला इथे गवतावर बर्फाचे काटे असतात, पोरं फुंकर मारून बोटं सरळ करतात, मग कुदळ धरतात. मी म्हणते, चला रे सहभागींनो, सहभागी व्हा! हसतात. मला हसवायचं येतं, तेवढं तरी येतं.

बाकी काय येतं? हे तू विचारलंस की मीच बोलले? अनुभव आहे ना माझा! अर्जात लिहिलंय बघ, 'या जमिनीवर चाळीस वर्षांचा अनुभव.' खोटं आहे? मुळीच नाही. चाळीस वर्षं याच जमिनीवर उभी होते मी—शेडमध्ये, चुलीपाशी. मेंढ्यांची लोकर कातरायला माणसं यायची, चौदा-चौदा जण, त्यांचा स्वयंपाक कोण करायचं? मी. जमिनीवर उभी राहून. तण-बिण सगळं मर्व्ह बघायचा, माझा नवरा, तो गेला, मेंढ्या गेल्या, मग ही जाहिरात आली आणि मी अर्ज—हे लिहून नको घेऊस. लिहिलंस? पुसता येतं ना त्या तुझ्या काचेच्या पाटीवर? मग पूस.

ती खालची फाईल कोणाची? नाव काय दिसतंय—टेगन? टेगन हरेल? ती टोळीत नाही आता. गेली. स्वतःहून... म्हणजे तसंच धर. काय? राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी मागवलीय? वर डोंगरात? शिकाऊ वनरक्षकाची जागा! आमची टेगन! अगं पण हे छानच—काय म्हणालीस? माझ्या शेऱ्यावर अडलंय? शुक्रवारी ठरवणार आणि माझा शेरा काय आहे ते... मला पाठ आहे गं, वाचू नकोस. मीच लिहिलाय. 'सूचना पाळत नाही. उलट बोलते. टोळीत बेबनाव करते.' थोडं कडक झालं असेल. एकोणीस वर्षांच्या पोरी उलट बोलतातच, तुला मुलगी आहे का? नाही? मग तुला नाही कळायचं. स्कोन घे अजून एक.

कशावरून उलट बोलली? सोड ना. गवतावरून. तुला सांगते, कामाचंच आहे, तपासणीत येईलच. इथे दोन गवतं असतात. एक पोआ—आपलं इथलं, मूळचं, ओढ्याचा काठ धरून ठेवणारं, ते लावायचं. दुसरं करवती—बाहेरून आलेलं, हलकट, मेंढ्या खातात आणि पोट भरलेलं असून उपाशी मरतात, ते उपटायचं. सरळ आहे की नाही? फक्त दोन्ही दिसतात सारखीच. गुडघाभर झुबके, हिरवे, बारीक पातींचे. सख्ख्या बहिणी वाटाव्यात. तर जानेवारीत आम्ही बी गोळा करायला गेलो, वरच्या माळावर. तिथे एक गवत होतं, त्याला असे जांभळे तुरे, वाऱ्यावर झुलणारे—इतकं देखणं! मी म्हटलं, हेच पोआ, तोडा तुरे. पोरांनी पोती भरली. मग तेच बी ट्रेमध्ये पेरलं, पाणी घातलं, निळ्यानं तर गोगलगाई हातानं वेचल्या रोज सकाळी, मेपर्यंत बोटभर रोपं झाली आणि लावली ओढ्याकाठी. बावीसशे. मोजून. प्रत्येकाला खुंट्या, प्रत्येकाला प्लॅस्टिकचं कोंडाळं, सशांनी खाऊ नये म्हणून. एकही मेलं नाही! बावीसशेतलं एकही नाही. तुमच्या अख्ख्या राज्यात अशी तगलेली रोपं नसतील—आता तशी का तगली हा प्रश्न वेगळा.

बस ना, उठतेस कशाला? पिवळी दिसतायत म्हणून? थंडी आहे, पिवळी पडणारच. पोआ थंडीत पिवळं पडत नाही? कोण म्हणतं? पुस्तकात आहे? पुस्तकात काय, पुस्तकात पुष्कळ असतं.

अगं थांब. थांब म्हणते ना. बस.

बस. सांगते.

ती पोरगी दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली. त्या माळावर, सगळ्यांसमोर. एक पात तोडली, अंगठा आणि बोटात धरली आणि फिरवली. म्हणाली, 'नोरीन, हे फिरतंय बघ. आजोबा सांगायचे, पात चपटी असली, बोटात अडली, तर पोआ. सुईसारखी गोल फिरली तर करवती.' आणि मी काय म्हटलं? म्हटलं, 'शाळा दहावीत सोडलीस ना गं? चाळीस वर्षं या जमिनीवर आहे मी, तू मला गवत शिकवतेस?' सगळे हसले. मला हसवायचं येतं, सांगितलं ना. निळ्या तर लोळला. ती नाही हसली. आणि मी पात हातात घेऊन बघितली का? नाही. घेतली असती तर माझ्या अर्जातली चाळीस वर्षं चुलीपुढची होती हे सगळ्यांना दिसलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग तिला ट्रे धुवायला बसवली, तीन आठवडे. तरी ही बया गप्प बसेना—रोपं लावताना पुन्हा म्हणाली, तेही निळ्याला, मला न सांगता, आणि निळ्या म्हणाला, 'नोर, ही बरोबर असेल तर?' त्या रात्री मी तो शेरा लिहिला. तिला काढलं. आणि शेरा असा असला की पुढे बेकारभत्ताही आठ आठवडे बंद करतात, हे मला माहीत होतं का? होतं. कागद वाचून दाखवला होता ना तुमच्या माणसानं. तोच कागद.

कधी कळलं म्हणतेस? तीन आठवडे झाले. जेवताना सँडविच एका हातात, दुसरा हात रिकामा, खाली एक रोप, पिवळट. उगाच पात तोडली, उगाच बोटात धरली. फिरली. दुसरी तोडली—फिरली. मी ओढ्याच्या टोकापर्यंत गेले गं, वाकून वाकून, माझी कंबर बघ कसली आहे, आणि एकूणएक फिरली! पोरं वरून ओरडतायत, 'नोर, काय हरवलं?' मी म्हटलं, चष्मा. चष्मा डोळ्यावर होता. आणि जे उपटून, तीन ट्रेलर भरून, जाळायला पाठवलं ना, ते पोआ. काय करू, हसू की रडू? हस तू, हस, लाजू नकोस. सरकारी खर्चानं, सरकारी कोंडाळ्यात, सरकारचाच शत्रू आम्ही बावीसशे वेळा लावला आणि सशांपासून जपला. मी एकटी युटमध्ये बसून इतकी हसले त्या दिवशी की आसवं गळायला लागली, आणि मग कळलं की हसणं केव्हाच संपलंय.

काय म्हणालीस? पुन्हा सांग. 'हिमानं रोपं गेली' असं लिहिता येईल? तसा रकाना आहे? नैसर्गिक आपत्ती! अगं, तू तर भलतीच गुणाची निघालीस, मी उगाच तुझ्या बुटांना नावं ठेवत होते. म्हणजे रोपं हिमानं गेली, पोरांनी ती उपटायची, नवीन मागवायची, कोणाची चूक नाही. पोरांना प्रमाणपत्र, मला पुढचे सहा महिने. आणि टेगनचा शेरा? तो तसाच राहणार? हो, राहणारच. कारण हिमानं गेली म्हणजे रोपं पोआचीच होती. पोआची होती म्हणजे मी बरोबर. मी बरोबर म्हणजे ती खोटी, भांडकुदळ, उलट बोलणारी. आम्ही दोघीही बरोबर, असा रकाना नाही ना त्या पाटीवर? बघ नीट. खाली सरकवून बघ. नाही.

मग नको.

नको म्हणते ना. बघ, ज्या आठ जणांनी सूचना पाळली त्यांनी बावीसशे करवती लावली, आणि जिनं नाही पाळली तिला हाकललं—चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? पोरांना प्रमाणपत्र द्या, त्यांना सांगितलं ते त्यांनी केलं, हाडं गोठवून केलं. चूक माझी लिही. पूर्ण नाव, नोरीन आयरिस टकवेल. आणि ते मघाचं, चुलीचं, पुसलंस ना? परत लिही. टेगनचा शेरा खोड आणि लिही, 'या टोळीत गवत ओळखणारी ही एकटीच.' शुक्रवारच्या आत पोचेल? आज पाठवतेस? नक्की? माझी सही इथे? अशी बोटानं? कसली सही ही, कोंबडीनं उकरल्यासारखी. चालते? चालू दे.

तिचा नंबर आहे ना त्या फाईलमध्ये? तूच कळव तिला. माझ्याकडून काही—नाही, नको, तुझ्याकडूनच बरं. ...आण इकडे तो फोन. इथे रेंज येत नाही, त्या खडकावर चढावं लागतं. धर, चहा धर माझा. हां. वाजतोय.

हॅलो, टेगन? मी नोरीन. नोरीन गं. ठेवू नकोस, ऐक, तुझ्या आजोबांचं ते—हॅलो? टेगन?

...

ठेवला तिनं.

बरोबर केलं. मीही ठेवला असता. तू कळव, तुझा आवाज बरा आहे, सरकारी. चल, ऊठ, तो उरलेला स्कोन खिशात घाल. पोरं येतायत खाली, आणि बावीसशे उपटायचीत, हे मला त्यांना सांगायचंय. ते मी एकटीच सांगेन. आता मध्ये बोलू नकोस, जा. फाटक लावून जा.