वाचला असं धरू

हॅलो?… कोण? सुरुची! अगं, ऑफिसच्या वेळेत फोन?… हो, हॉटेलातच आहे अजून. वर्धा रोडवरच्या. परिषद उद्यापर्यंत आहे ना, नैसर्गिक वायूची…

झालं की. छान झालं… टाळ्या? हो, म्हणजे… नाही गं. खोटं बोलून राहिलो मी. भाषण झालंच नाही.

नाही, नाही, बीपी ठीक आहे. डबाही खाल्ला… हो, इथे जेवण होतं. पण रांगेत सगळे परदेशी, कोणाशी काय बोलायचं… अगं ऐक ना. हॉलमध्ये कोणीच नाही. मी, आणि अध्यक्ष. विश्वनाथराव म्हणून आहेत, बडोद्याचे. बाकी सगळे वाघ पाहायला गेले… वाघ, वाघ! पेंचला!

बस उद्या जाणार होती. सकाळी तो जितेंद्र, इथली व्यवस्था पाहतो तो, माईकवर म्हणाला, बस आजच न्यायची का, दुपारी ज्यांची भाषणं आहेत त्यांची काही हरकत?… दुपारी माझं एकट्याचंच होतं… मी? मी हात वर केला… नाही गं, हरकत नाही हे सांगायला.

काहून म्हणजे? नॉर्वेच्या एक बाई इतक्या आशेनं पाहून राहिल्या होत्या माझ्याकडे. वर मीच सांगितलं, टोप्या घ्या, ऊन लागेल…

कबूल. बावळट आहे तुझा बाप… हो, त्या बंद कोळसा खाणींवर उन्हातान्हात मीच फिरलो, माहीत आहे. तिथून निघणारा वायू वाया जाऊन राहिला, त्यावर आजूबाजूच्या गावांच्या चुली पेटतील, एवढंच तर सांगायचं होतं. पण खरं सांगू? हे लोक जहाजं भरभरून वायू नेण्याच्या गोष्टी करतात. त्यात माझ्या चुली. आकडे चुकले असले तर? कोणी नाही तेच बरं… हो, आई असती तर बसली असती. कळायचं काही नाही, पण मान डोलवायची.

थांब हं… काय साहेब?… बरं, बरं…

अध्यक्ष म्हणतात, पेपर वाचला असं धरू. अशी पद्धत असते गं. ऐकायला कोणी नसलं की तशी नोंद करतात आणि छापून टाकतात. प्रमाणपत्र तर सकाळीच दिलं, लॅमिनेशन करून… मी काय म्हणणार? बरं म्हणालो.

ओरडू नको ना… तू ऐकतेस? फोनवर? अगं, तुझी मीटिंग… बघ, बोलावून राहिले ना तुला. जा… घरी? घरी जाऊन काय करू, सुरुची? घरी तर रोजच धरून चालतो, कोणी ऐकतंय असं.

थांब, एक मिनिट. ते बॅग उचलून राहिले… विश्वनाथराव! अहो… नका धरू. वाचला असं नका धरू. मी वाचतो… हो, पूर्ण… हो, तुम्ही एकटेच… चहा नंतर घेऊ ना…

बसले गं! मंचावरून खाली उतरले, खुर्ची ओढून समोर बसले. चष्मा पुसून राहिले… नाही, तू जा मीटिंगला. संध्याकाळी सांगतो कसं झालं. खरं खरं सांगतो… ठेव बाई आता, ठेव. श्रोते खोळंबले आहेत.