गाडीचा तोबरा

...नाही, बाकीचं राहू द्या, मला आधी एवढंच सांगा, गाडी कुणाची? माझी ना? पगार माझा, लायसन माझं, आरसीवर ठळक अक्षरांत मोनिका साहेबराव असं नाव माझं, मग दसऱ्याच्या सकाळी मी न्हाऊन अंगणात येते आणि बघते तर काय, गाडीचं अख्खं तोंड उतरवून ओट्यावर ठेवलेलं, हेडलाइट वायरींना लोंबकळतोय, आणि मोठे बाबा निवांत बसून इंजिनाला हळदीकुंकू लावतायत!

मोठे बाबा म्हणजे माझे सख्खे चुलते, सर्जेराव. घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच. मधल्या वेळेत बाकीच्यांनी माना हलवायच्या.

तुम्हाला सांगते, माझ्या मोटारसायकलला पुढून फेअरिंग आहे. म्हणजे होतं. हेडलाइटपासून इंजिनाच्या पोटापर्यंत निळं-काळं प्लास्टिकचं कवच, वर छोटीशी काच. टाकीवर जरा वाकलं की वारा डोक्यावरून निघून जातो. फुलंब्रीहून चिकलठाण्याच्या कंपनीत रोज जायचं, मध्ये चौक्याचा घाट, शेजारून मक्याचे ट्रक भुसा उडवत जाणार... वारा तर चुकतोच, पण खरी गंमत वेगळीच आहे. हेल्मेट घालून वाकलं की मी कोण ते कुणालाच कळत नाही. हर्सूल येईपर्यंत मी साहेबरावांची पोरगी नसते, सर्जेरावांची पुतणी नसते, लग्नाला आलेली मुलगी तर नसतेच नसते. एक गाडी चाललेली असते, बस. दिवसातला तेवढाच काय तो वेळ माझा.

तर मी विचारलं, मोठे बाबा, हे काय केलं? म्हणाले, पूजा. म्हटलं, पूजेला गाडी खोलतात का? त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच नांगराला स्टिकर लावून आले होते.

"ट्रॅक्टरचं बोनट उघडतोच की आपण दसऱ्याला. कुंकू यंत्राला लागाया पाहिजे, डब्याला लावून काय उपेग? घोड्याला तोबरा बांधूनच ओवाळती व्हय तू?"

तोबरा! घोड्याच्या तोंडाला चंदीची, म्हणजे दाण्याची, पिशवी बांधतात ना, ती. माझ्या फेअरिंगला तोबरा. बरं, काढला तर काढला, पूजा झाल्यावर लावा की परत. तर निम्म्या क्लिपा तुटलेल्या. का, तर निघत नव्हतं म्हणून जरा हिसकलं. मी पप्पांकडं बघितलं. पप्पा आंब्याचं तोरण सरळ करत होते, मघाशीच सरळ केलेलं. आई डोळ्यांनीच म्हणाली, आज सणाचा दिवस आहे, उद्या भांड.

आईचा तो उद्या उजाडला तशी मी गाडी घेऊन फुलंब्रीतल्याच राजकुमार मिस्तरीकडं गेले, म्हणजे आम्ही गेलो, मोठे बाबा सोबत होतेच. राजकुमार म्हणाला, ताई, नवीन फेअरिंग मागवावं लागंल, तवर साधा गोल लाइट बसवतो. मी म्हटलं, बसव. तेवढ्यात मोठे बाबा मागून म्हणाले, हँडलबी सरळ उंच टाक रे, पोरगी वाकून वाकून कुबडी व्हायची. आणि त्यानं टाकलं! माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी कुणाची? माझी. हँडल कुणाला विचारून बदललं? जाऊ द्या.

बिनफेअरिंगची गाडी चालवलीय का तुम्ही कधी, फेअरिंगची सवय लागल्यावर? वारा थेट छातीत. हेल्मेट मागं ओढतंय, ओढणी गळा आवळतेय, चिलटं काचेवर फुटतायत, आणि त्या उंच हँडलमुळं मी अशी ताठ, वरातीतल्या नवरदेवासारखी, अख्ख्या जळगाव रोडला दर्शन देत चाललेय. पहिल्याच दिवशी सावंगीला लीलाबाईंनी हात केला. आईच्या मैत्रीण. मागं बसल्या, हर्सूलपर्यंत एका मुलाची माहिती सांगितली, उतरल्यावर घरी फोन केला की पोरगी लई जोरात चालवती बरं का.

आणि ते काढलेलं फेअरिंग? मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, खुराड्यावर लावलंय. मी मागायला गेले तर म्हणाली, राहू दे बाई, कोंबड्यांना आता वारा लागत नाय. माझ्यापेक्षा कोंबड्या सुखात आहेत, तुम्हाला सांगते.

पण खरी गोम मला नंतर कळली. आधी घरात त्या गाडीला कुणी हात लावत नव्हतं. कंबर वाकवून कोण बसणार? खताची गोणी कुठं ठेवणार? त्या प्लास्टिकची सगळ्यांना धास्ती होती. अहो, ते कवच वाऱ्यासाठी नव्हतंच, ते माझ्याभोवतीचं कुंपण होतं! आता एकदा गाडी गाडीसारखी दिसायला लागली म्हटल्यावर पप्पा तिच्यावर युरिया आणतात, चुलतभाऊ सत्यम पेट्रोल संपवून आणतो, आणि मी चावी शोधत फिरते. गाडी कुणाची? विचारते मी रोज. सगळे म्हणतात, तुझीच की गं.

आज सकाळी तर कहर. मी डबा घेऊन बाहेर आले तर मोठे बाबा गाडीवर बसलेले, गाडी चालू. जाधववाडीच्या मार्केटात काम आहे म्हणे. बस मागं, कंपनीपतुर सोडतो. मी म्हटलं, चालवते मी, तुम्ही मागं बसा. तर म्हणाले,

"पोरगी पुढं अन् चुलता मागं? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

शहराकडं जाणारी प्रवासी जीप केव्हाच गेलेली. कंपनीत उशिरा येण्यावरून साहेबांचा आधीच राग. बसले.

आणि घाट लागल्यावर माझा बांध फुटला. लहानपणापासूनचं सगळं काढलं हो मी. बारावीनंतर डीएड कर म्हणालात ते, मला न विचारता पाव्हणे बोलावलेत ते, क्लिपा, हँडल, कोंबड्या, आणि शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडले, गाडी माझी आहे, उद्यापासून हात लावायचा नाही.

मोठ्या बाबांनी मान जराशी वळवली. "काय म्हणती? वाऱ्यात काय ऐकू येईना बघ."

मग मी डबा मांडीवर घट्ट धरला. आणि तुम्हाला सांगते, कबूल करायला जीव जातोय, पण त्यांच्या त्या रुंद पाठीमागं... वारा बिलकुल लागत नव्हता.