जांभळे ठिपके

(दुरुस्तीचं दुकान. भर दुपार. टेबलावर उघडा पडलेला जुना स्टिरिओ रिसीव्हर. विजेच्या तारेत मध्येच एक बल्ब जोडलेला.)

बाबा : थांब, थांब! बटणाला हात लावू नकोस. बल्ब आहे ना मध्ये?

लेक : आहे हो. शंभर वॅटचा. तिसऱ्यांदा विचारताय.

बाबा : विचारणारच. मला आता दिसतंय कुठे? आउटपुटची जोडी मीटरवर जुळवून घेतलीस?

लेक : डझनभर ट्रान्झिस्टर मोजले, तेव्हा हे दोन जुळले. डावीकडे बसवलेत. उजवीकडचे जुनेच, ठणठणीत आहेत.

बाबा : मग लाव. पण बोलत राहा. बल्ब भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे समज, ताबडतोब बंद कर. हे दोन गेले तर तिसरी जोडी मिळायची नाही.

लेक : लावते. लावला... बाबा, पेटला! चांगला लख्ख पेटलाय.

बाबा : बंद कर! बंद कर म्हणतो ना!

लेक : एक सेकंद... उतरतोय. उतरला. आतली तार नुसती लालसर दिसतेय.

बाबा : हुश्श. जगला म्हणायचा. जीव घेतेस तू एखाद दिवशी माझा.

लेक : बाबा, हा जळला कशानं?

बाबा : आता हे काय नवीन? मास्तरांच्या पोरानं आवाज फुल सोडला. अकरा वर्षं त्यांच्या घरी बंद पडून होता, गल्लीत शेंबडं पोरही सांगेल.

लेक : प्लग काढलाय. बोट द्या इकडे. हा उजवीकडचा ट्रान्झिस्टर. कडेला काय लागतंय?

बाबा : पेस्ट. वाळलीय, पण आहे.

लेक : आता हा बशीतला, डावीकडचा, जळलेला. पाठ चाचपा त्याची.

बाबा : थांब, दुसऱ्या बोटानं बघतो.

लेक : लागतेय पेस्ट?

बाबा : तू पुसलीस.

लेक : मी बोटसुद्धा लावलं नाही. कोरडा खडखडीत निघाला. पेस्ट नाही तर त्याची उष्णता पत्र्यात जाणार कशी? आतल्या आत भाजून निघाला बिचारा.

बाबा : मध्ये कुणीतरी उघडला असेल. अर्धवट कारागीर काय कमी आहेत?

लेक : स्क्रूंवर ठिपके होते, बाबा. आईच्या नेलपॉलिशचे, जांभळे. मी उघडला तेव्हा एकही तडकलेला नव्हता. तुम्हीच शिकवलंत ना, ठिपका शाबूत म्हणजे आपल्यानंतर कुणाचा हात लागलेला नाही?

बाबा : हळू बोल. रस्त्यावर ऐकू जातंय.

लेक : मास्तरांना सांगणार ना?

बाबा : स्टिरिओ चालू झाला. घेऊन जातील. विषय संपला.

लेक : असा कसा संपला? त्या मुलाला मित्रांदेखत मुस्काटात बसली होती. त्यानंतर तो त्यांच्या घरात धड राहिला नाही. आणि तुम्हाला दुकानाचं नाव पडलंय?

बाबा : नाव गेलं चुलीत! तू गप्प बस, एवढंच सांगतोय. हात जोडू का तुला?

मास्तर : (आत येत) काय वस्ताद, कुणापुढे हात जोडताय? आमचा पेशंट शुद्धीवर आला की नाही?

बाबा : या मास्तर. आला.

मास्तर : वा! वेळेवर झालं. उद्या पोरगा येतोय. चार वर्षांनी, सुनेला घेऊन. आला की खुर्चीच्या टोकावर बसतो हो, पाहुण्यासारखा. म्हटलं, हा त्यालाच देऊन टाकावा. पण आधी बजावणार. नॉब अर्ध्याच्या पुढे नेलास तर याद राख म्हणावं!

बाबा : मास्तर...

मास्तर : त्या वेळीही खोटंच बोलला. घरभर जळका वास, आणि हा म्हणतो, 'मी अर्ध्यापर्यंतच नेला होता.' जाळल्याबद्दल नाही मारलं मी त्याला. खोटं बोलला म्हणून मारलं.

बाबा : खोटं नव्हता बोलत तो.

मास्तर : म्हणजे?

बाबा : त्याच्या महिनाभर आधी मी दुरुस्त करून दिला होता. डावीकडे पेस्ट लावायची राहिली. ती नसली की अर्ध्या आवाजावरही जळतो. पोराचा काही दोष नाही. चूक माझी.

मास्तर : तुमची? तुम्ही तर झाकण लावण्याआधी दहादा बघणारे.

लेक : खरंच, राहिली कशी, बाबा?

बाबा : पेस्टची ट्यूब संपली होती. स्क्रू नुसते अडकवून ठेवले. म्हटलं, उद्या ट्यूब आणू आणि करू.

लेक : नुसत्या अडकवलेल्या स्क्रूला तुम्ही ठिपका देत नाही.

बाबा : दिला असेन चुकून. झालं ना आता? तो पसारा आवर.

लेक : तुम्ही नाही दिलात.

बाबा : अगं, आवर म्हणतोय ना!

लेक : म्हणून मला गप्प बसवत होता होय... मास्तर, ठिपके द्यायचं काम माझं होतं. शाळेतून आले की मी इथेच बसायची. चौदा वर्षांची होते. स्क्रू ढिले दिसले, मी आवळले आणि ठिपके देऊन टाकले. सकाळी बाबांनी ठिपके पाहिले, काम झालेलं समजून झाकण लावलं.

बाबा : मी उघडून बघायला हवं होतं. तिला काय बोलणार, मास्तर? पोर होती ती.

मास्तर : पोर... माझाही तेव्हा सतराचाच होता, वस्ताद.

लेक : मास्तर, तुम्ही बसा आधी. पाणी देऊ? वाजवून दाखवू का?

मास्तर : नको. स्टिरिओ राहू दे आज इथेच. ते जळके दोन आणि ठिपक्यांचे स्क्रू तेवढे कागदात बांधून दे. उद्या त्याला आणायला स्टेशनावर जाताना घेऊन जातो.