घंटीचा भाव

आमच्या मुग्धाच्या दुकानाचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. दुकान खरं नव्हे, खेळातलं. फासे टाकायचे, गुहेतल्या राक्षसांशी लढायचं, असा तो खेळ दर रविवारी आमचे हे चालवायचे. हे गेल्यावर मुग्धाने तो हाती घेतला आणि मलाही चेटकीण करून बसवलं. लढून मिळवलेल्या मोहरांनी दुकानातून जादूची नवी वस्तू घ्यायची असेल तर भाव खेळ चालवणारा ठरवतो. मी घंटी मागितली. वाजवली की गेलेलं माणूस येऊन बोलेल, अशी.

 मुग्धाने बापासारखीच पेन्सिल कानामागे खोचली.

"किती वेळा वाजणार?"

"रोज."

"रोजची नाही मिळणार, आई. मग तू गुहेत पुढे सरकणारच नाहीस. एकदाच वाजेल. बाराशे मोहरा."

"अगं, माझ्याकडे चाळीस आहेत!"

"मग ये ना दर रविवारी."

आमच्यात खेळायला येणारा बिरवाडीचा राजू म्हणाला, "आईला तरी सूट दे गो."

"बाबांनी मला कधी दिली होती?"

पावसाळाभर खेळले. गेल्या रविवारी बाराशे भरले, आणि त्याच डावात राजूचा योद्धा विषाने पडला. औषध हजार मोहरांचं.

"काकू, ऱ्हाऊ दे. मी नवा योद्धा करतो. तुम्ही घंटी घ्या."

मी औषध घेतलं.

मुग्धाने पेन्सिल खाली ठेवली. "आणि घंटी?"

"तिचा भाव तेवढा वाढवू नकोस," मी म्हटलं. "पुढच्या रविवारपासून पुन्हा जमवते."