आधी तिला शोधतं

हॅलो?… हां, बोल गं चिमे… नाही, अजून बाहेरच. दारात उभा आहे, भाजीची पिशवी हातात… अगं, उघडेल की. कुलपाला बोट लावायला गेलो तेवढ्यात तुझाच फोन.

काय?… कुणी सांगितलं तुला?… नर्सबाईंनी? वा! समोर राहायला आल्यात की पाळत ठेवायला?… हो, बसलो होतो परवा पायरीवर. गरगरलं जरा… चक्कर नाही गं, नुसतं गरगरलं… हो, हो… अगं ऐक ना… कुलूप वेळ लावत होतं, म्हणून टेकलो. उघडलं, आत गेलो, गोळी घेतली, संपलं. राईचा पर्वत करतात नुसता.

बिघडलेलं नाही ते. हिरवा दिवा गोल फिरतो, फिरत राहतो, मग टक् करून उघडतं… तुझ्या ऑफिसात नाही चालणार, माहीत आहे मला. तुमच्याकडे बोट टेकवायच्या आत माणूस आत पाहिजे. पगारच त्याचा घेतेस, लोकांचं दारात ताटकळणं कमी करायचा… बरं, दारात नाही, कॉम्प्युटरसमोर. एकच ते. मी जन्मभर बस चालवली बाई. थांब्यावर थांबलो, सिग्नलला थांबलो. मला थांबणं शिकवू नकोस.

सांग. पण मला कळेल असं सांग… हं… म्हणजे आत सगळ्यांची बोटं साठवलेली… आणि ते पहिल्यापासून एकेक ताडून बघतं… मग माझं शेवटी का?… हो, आईचीच आधी घेतली होती. आठवतंय ना. तू इथेच गुडघ्यावर बसली होतीस, आणि ती म्हणत होती, अजून किती वेळा गं. शिवून शिवून टोकं गुळगुळीत झालेली तिची, रेषा कुठल्या राहायला! दहाही बोटं घेतलीस, तीही पुन्हा पुन्हा. तरी ओळखेल तर शपथ… हो ना! भांडायची त्याच्याशी. "अरे मेल्या, आतले पडदे मी शिवलेत, ओळख की!" मी आतून ऐकायचो आणि मुद्दाम सावकाश यायचो उघडायला… हसतेस काय? शिव्या मला बसायच्या नंतर.

…काय म्हणालीस? पुन्हा सांग.

काढून टाकू म्हणजे?… आईची बोटं?… नाही… ऐकतोय गं मी, बहिरा नाही झालो. "वापरात नसलेली नोंद"? असं येतं तुझ्या मोबाइलवर? बरा शब्द शोधलाय… हे बघ, तिथे बसून इथलं काही पुसायचं नाही. सांगून ठेवतो… ओरडत नाहीये. पिशवी खाली ठेवली, त्याचा आवाज.

…हो. कळतं मला. पुन्हा गरगरलं आणि दार वेळेवर उघडलं नाही, तर… कळतं. आई गेली, आता मीही असा पायरीवर… आणि तू एवढ्या लांब. रडू नकोस. अगं, रडू नकोस ना.

हॅलो?… आहे, आहे. नाक शिंकर आधी… हं, बोल… माझं बोट सगळ्यात वर घ्यायचं? आणि तिची खाली, तशीच? पुसायचं काहीच नाही?… मग बरं की! हे आधी सांगायला काय झालं होतं?… कर. झालं? एवढ्यात?… थांब, लावून बघतो…

अरे! उघडलंसुद्धा… हो, टेकवलं न टेकवलं तोच… छान आहे. छान केलंस… कुठे काय? दिवा बघतोय.

चिमे, एक विचारू? आता मी आधी सापडलो, की ते तिथेच थांबणार ना?… खाली जाणारच नाही… हं. म्हणजे तिची बोटं आत आहेत, पण त्यांना कुणी विचारणार नाही.

…कसं सांगू तुला? हसशील… आत काय चालतं ते मला कुठे ठाऊक होतं. पण ती गेल्यापासून बोट टेकवून उभा राहिलो, की वाटायचं, आतून येतेय. पदराला हात पुसत, सावकाश, मी करायचो त्याचा सूड म्हणून… तेवढाच वेळ. दिवा फिरेपर्यंत. पुढे घर रिकामंच, ते काय मला माहीत नाही?… आणि आज तू सांगतेस, ते खरंच आधी तिला शोधत होतं. मी दारात उभा, आणि ते तिचं एकेक बोट धुंडाळतंय… तिला शोधणारं दुसरं कोण राहिलंय गं या घरात?

…पहिल्यासारखं कर… ऐक तर! ते किल्लीनंपण उघडतं ना? ती दोरी लावून गळ्यात घालतो… शपथ. दुसरी नर्सबाईंना देतो, नाहीतरी डोळा असतोच त्यांचा. गरगरलं, घाई असली, तर किल्ली. घाई नसली, तर बोट… हो, डॉक्टरकडेही जातो. उद्याच… बरं बाई, नर्सबाईंना बरोबर नेतो, म्हणजे चुगली खरी होईल… चालेल?

…झालं? ठेवू नकोस एवढ्यात. दार ओढून घेतो… हां. लावलं बोट… श्, बोलू नकोस. फिरतोय दिवा… शोधतंय…

…अजून शोधतंय…

…उघडलं.

नाही गं. ती नाही, मीच सापडलो.

चल, ठेवतो. भाजी आत न्यायची आहे.